वाचकांचे प्रश्न : पोट वाढतंय, कामावर जाणं चालू आहे

गरोदरपणात कामावर जाणाऱ्या वाचकांकडून मागच्या अंकात कपड्यांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं बँकेतून आली, शाळेतून आली, कोर्टातून, दवाखान्यातून आणि काजूच्या कारखान्यातूनही आली. 'काय विकत घेऊ?' हा बहुतेकींचा प्रश्न. आमची उत्तरं मात्र बरीचशी उसवण्याची आणि जोडण्याची आहेत. कपडा खांद्यावर आणि छातीवर नीट बसला की बाई नीटनेटकी दिसते; पोटावर तो किती सैल आहे याकडे कुणी बघत नाही. बाजारात 'मॅटर्निटी' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा नेहमीच्याच मापाचं, फक्त दोन साइझ मोठं असतं. पोट मावतं, पण खांदे ओघळतात आणि सगळा अवतार होतो.

प्रश्न : मी रत्नागिरीत बँकेत काउंटरवर असते. चौदावा आठवडा चालू आहे. ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. पॅन्टचं बटण लागत नाही, कुर्ते छातीवर ताणतात. नवीन कपडे आत्ताच घ्यावेत का, आणि किती?

आत्ता फक्त ब्रा घ्या. बाकीचं चार-पाच आठवडे थांबू शकतं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत पोटाच्या आधी छाती वाढते, त्यामुळे कुर्ता तिथेच पहिल्यांदा ताणतो. माप घेताना टेप आधी छातीच्या खालून, बरगड्यांवर घ्या आणि मग सर्वांत भरलेल्या भागावरून. एरवी नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसेल अशी घेतात, म्हणजे इलॅस्टिक ढिलं पडत गेलं की आतल्या हुकावर सरकता येतं. गरोदरपणात याच्या उलट करायचं. आत्ता सर्वांत आतल्या हुकावर बसेल अशी घ्या, कारण पुढच्या महिन्यांत खालच्या बरगड्या रुंदावतात आणि तुम्हाला बाहेर सरकायचं आहे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रुंद पट्टे, सुती कापड, तार नसलेली. दोन-तीन पुरतात, कारण शेवटच्या महिन्यात माप पुन्हा घ्यावं लागणार आहे. मधल्या काळात दोन रुपये वाचवायचे असतील तर हुकांची जादा पट्टी मिळते, ती मागे जोडता येते.

पॅन्टसाठी सध्या केसांचं रबर पुरे. ते काजातून ओवून त्याच्याच फासातून बाहेर ओढा आणि मोकळं टोक बटणाला अडकवा. दीड-दोन इंच मिळतात. चेन वरून थोडी उघडी राहते, म्हणून वरचा कुर्ता मांडीपर्यंत हवा. संध्याकाळी पोटावर रबराचा किंवा चेनचा वळ दिसू लागला की हा उपाय संपला असं समजा. साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात ती वेळ येते.

मग त्याच पॅन्टला होजियरीचा पट्टा बसवून घ्या. कापड ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्रा असं मागा. अर्धा मीटर भरपूर होतं. पॅन्ट घालून आरशासमोर उभं राहून खडूने रेघ मारायची : पाठीमागे कमरेच्या वरच्या कडेपासून एक इंच खाली, पुढे मध्यावर साडेतीन इंच खाली, आणि बाजूच्या शिवणीवर दोन्ही रेघा एकमेकींना मिळवायच्या. चेनचं तोंड आधी सरळ शिवून बंद करायचं आणि मगच कापायचं; आधी कापलं तर चेनचा रनर हातात येतो. पट्ट्याची उंची अठरा इंच कापून दुहेरी घडी घातली की नऊ इंच राहते. रुंदी कापलेल्या पॅन्टच्या घेरापेक्षा साधारण दहावा भाग कमी ठेवायची, दोन्हींवर चार-चार खुणा करून खुणेला खूण जुळवायची आणि पट्टा सारखा ताणत शिवायचा. ताण आडव्या दिशेला येईल असं कापड ठेवा. उभं कापलं तर पट्टा ताणलाच जात नाही.

बिघडतं ते शिवणीत. साध्या सरळ टाक्याने शिवलेला पट्टा पहिल्यांदा खुर्चीत बसताना 'कट्कट्' करत तुटतो, कारण कापड ताणतं आणि दोरा ताणत नाही. ओव्हरलॉक किंवा झिगझॅग टाका हवा आणि होजियरीची गोल टोकाची सुई हवी. टोकदार सुईने कापडाला बारीक भोकं पडतात आणि ती पुढे पळतात. वरच्या कडेला इलॅस्टिक घालू नका. पट्टा घसरतोच असं वाटलं तर एक इंची इलॅस्टिक फक्त पाठीच्या अर्ध्या भागात घाला.

कुर्त्यांचं म्हणाल तर दोन गोष्टी बघा. बाजूचे कट कमरेपासून सुरू होत असतील तर पोट वाढलं की ते फाकतात. कट नितंबाच्या उंचीपासून हवेत. आणि पोट पुढचा घोळ उचलतं, आठव्या महिन्यात कुर्ता पुढून दीड-दोन इंच आखूड दिसतो. नवीन शिवत असाल तर पुढची लांबी दोन इंच जास्त घ्या. छातीखाली योक आणि तिथून थोडा घेर, हा कट शेवटपर्यंत चालतो आणि बाळंतपणानंतरही वाया जात नाही. रंग निवडताना घामाचा विचार करा. आकाशी आणि करड्या रंगावर घामाचे डाग लगेच उठतात. नेव्ही, पांढरा आणि बारीक छपाई ते लपवतात. तीन पॅन्ट किंवा सलवारी आणि पाच कुर्ते एवढ्यात सगळं निभावतं.

प्रश्न : चिपळूण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रोज साडी नेसते. सहावा महिना. परकराच्या नाडीचा काळा वळ पडलाय आणि खाजतो. सासूबाई म्हणतात, 'नाडी घट्ट बांध, नाहीतर पोट सुटतं.' साडी सोडून दुसरं काही चालेल का?

चालेल. मार्च २०२४च्या शासन निर्णयात शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टाही दिलेला आहे. पण साडी तुमच्या अंगवळणी पडली असेल तर ती सोडायलाच हवी असंही नाही. सोडायची आहे ती नाडी.

सुती साडीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, जरीची त्याहून बरीच जड. हे सगळं वजन पाव इंचाच्या दोरीवर, एकाच रेषेत, दिवसभर. त्यात घाम. कातडी काळवंडते, खाजते, पुढे सोलवटते आणि ओलसर हवेत तिथेच नायटा धरतो. सासूबाईंना प्रेमानेच सांगा की पोट सुटणं आणि नाडी यांचा संबंध नाही. पोटाचे स्नायू बाळ वाढतं म्हणून ताणले जातात आणि बाळंतपणानंतर व्यायामाने आवळतात. वळाच्या जागी खाज आठवड्यात थांबली नाही किंवा जखम झाली तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आणलेली 'खाजेची' मलमं लावू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने नायटा दबतो आणि मग दुप्पट पसरतो.

आता परकर. नाडीचा नेफा कापून टाका आणि तीन इंच रुंद होजियरीचा पट्टा लावा. पट्टा मागे कमरेवर आणि पुढे पोटाच्या खाली, ओटीपोटावर बसेल. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : परकर पुढून खाली उतरला की त्याची कड पुढून जमिनीला लागते आणि बाई स्वतःच्याच परकरावर पाय देते. म्हणून पट्टा लावण्याआधी वरच्या कडेला, पुढे मध्यावर अडीच इंच खोल खाच काढायची आणि बाजूच्या शिवणीपर्यंत ती शून्यावर आणायची. परकर सहा कळ्यांचा, पॉपलिनचा. साटीनवरून साडी घसरते. मांड्यांना चिकटणारा जो 'शेपवेअर' परकर मिळतो तो सध्या ठेवून द्या. त्यात पाऊल आखूड पडतं, आणि एस.टी.ची पहिली पायरी काही आखूड पावलाची नाही.

नेसताना आधी चप्पल घाला, मग साडी. नंतर वाकवत नाही आणि उंचीही चुकते. उजवीकडून खोचायला सुरुवात करून एक पूर्ण वेढा घ्या. एरवी आपण निऱ्या घालून मग पदर काढतो. आता आधी पदर मोजून खांद्यावर पिन लावा, मग उरलेल्या कापडाच्या निऱ्या घाला. असं केलं की साडी पोटावरून ओढली जात नाही, पोटाला धरून सैल जाते. निऱ्या आपोआप कमी होतील. पोटाचा घेर सहा इंच वाढला की वेढ्यात आणि पदराच्या फेरीत मिळून दहा-बारा इंच कापड जास्त जातं, आणि पाच इंची एका निरीला दहा इंच लागतात. म्हणजे एक निरी गेली. सहाव्या महिन्यात सातच्या सहा झाल्या तर साडी कमी पडली असं समजू नका.

निऱ्या पोटाच्या खाली, मध्यापासून जराशा डावीकडे खोचा. पिन लावायची तर खोचण्याआधी निऱ्यांनाच आडवी लावा. परकरातून आरपार, पोटाच्या दिशेने टोक करून लावलेली पिन बसताना उघडली तर टोचणार तुम्हालाच. साडीची कड जमिनीपासून एक इंच वर ठेवा, कारण सातव्या महिन्यानंतर स्वतःची पावलं दिसत नाहीत.

सकाळी वेळ नसेल, किंवा वाकून निऱ्या सारख्या करायला कुणी नसेल, तर दोन-तीन रोजच्या साड्या शिवून घ्या. निऱ्या वरून आठ इंच शिवायच्या, त्या आणि पहिला वेढा परकराच्या पट्ट्याला जोडायचा, पदर मोकळा ठेवायचा. मोठ्या टाक्याने शिवलं तर बाळंतपणानंतर दहा मिनिटांत उसवून साडी पुन्हा अखंड होते. शाळेतलं शौचालय लांब असेल तर या साडीचा आणखी एक फायदा आहे : सगळं उचलून पुन्हा सोडलं तरी निऱ्या जागेवर राहतात.

प्रश्न : कुडाळला माझं टेलरिंगचं दुकान आहे. गरोदर बायका ब्लाउज सैल करायला आणतात, आणि निम्म्या ब्लाउजांत आत कापडच नसतं. नवीन शिवताना शिवणीत जादा कापड, म्हणजे माया, किती ठेवू? कुठे कुठे ठेवू?

हा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला, बरं वाटलं.

बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या भागाला दीड-दीड इंच माया ठेवा. उसवल्यावर अर्धा इंच शिवणीसाठी राहायलाच हवं, म्हणजे प्रत्येक थराला एक इंच मिळतो. दोन बाजू, प्रत्येकी दोन थर : एकूण चार इंच. एवढ्यात पहिल्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत बहुतेकींचं भागतं. पण बाहीच्या शिवणीत तेवढीच माया नसेल तर या चार इंचांचा काही उपयोग नाही. बाजू उसवली, मुंढा मोठा झाला, बाही मात्र होती तेवढीच. मग ती काखेत चुण्या घेऊन बसते आणि हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला हे चालत नाही.

ज्या ब्लाउजांत माया नाहीच, त्यांना काखेत चौकोनी कळी लावा. तीन इंच बाय तीन इंच, सुती, कर्णावर ठेवून. एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं बाजूच्या शिवणीत. रंग जुळला नाही तरी हात खाली असताना दिसत नाही. त्यातूनही कमी पडलं तर पाठीच्या खालच्या पट्टीत मध्यावर चार इंच इलॅस्टिक टाका.

हूक पुढेच हवेत, पुढे दूध पाजताना तेच कामाचे. आयपट्टी, म्हणजे हूक अडकतात ती पट्टी, रुंद करून हूक अडकवायच्या आयांच्या दोन ओळी लावा, पाऊण इंचाच्या अंतराने. लांबी नेहमीपेक्षा एक इंच जास्त धरा. खालच्या बरगड्या फाकतात तशी खालची पट्टी वर चढते आणि नेमकी छातीखालच्या घामाच्या जागी रुतते. टक्स फार टोकदार घेऊ नका, कटोरीपेक्षा प्रिन्सेस कट वाढवायला सोपा. पॅड लावू नका. अस्तर सुतीच, आणि ते आधी भिजवून, वाळवून, मग कापायचं. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड आटत नाही, मग आतून ब्लाउज आवळतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'माझंच अंग वाढलं.'

रेशमी ब्लाउज वाढवून देण्याचा शब्द मात्र देऊ नका. जुन्या शिवणीची भोकं रेशमावर कायम राहतात, आणि घामाने मधल्या पट्ट्याचा रंगही वेगळा झालेला असतो.

प्रश्न : सावंतवाडीत वकिली करते. काळा कोट आता पुढून मिटत नाही आणि उकाड्याने चक्कर येते. कोटाशिवाय चालतं का?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून बाकी न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. गाऊनही तिथे ऐच्छिक. गळ्यातला पांढरा बँड आणि पांढरे-काळे किंवा सौम्य रंगाचे, बिनछपाईचे कपडे मात्र हवेत. साडीइतकाच सलवार-कुर्ता नियमात बसतो. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर उभं राहायचं असेल तर ही सूट नाही. तिथे कोट आणि गाऊन दोन्ही लागतील, आणि घाट चढून जाताना ते अंगात न घालता पिशवीत न्या.

मोठ्या मापाचा नवा कोट घेऊ नका, खांदा अर्धा इंच जरी खाली उतरला तरी कोट उसना वाटतो. आहे तोच कोट दोन्ही बाजूंच्या शिवणींत काखेपासून खालपर्यंत उसवून, प्रत्येकी दोन इंच रुंद काळ्या ताणणाऱ्या कापडाची पट्टी बसवा. हात खाली असले की ती झाकली जाते. पुढची बटणं उघडीच ठेवा. उघडा कोट सरळ दोन उभ्या रेघांत पडतो आणि छान दिसतो. अस्तर अर्ध्या पाठीपर्यंत ठेवून खालचं काढून टाका, उकाडा निम्मा तिथेच असतो. बँडची मानेची पट्टी मागून कापून वेलक्रो लावा. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी नव्हे, कातडीच्या रंगाची स्लिप घाला. पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं.

चक्कर मात्र कोटाच्या खात्यावर टाकून गप्प बसू नका. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

प्रश्न : दापोलीहून रोज एस.टी.ने तालुक्याच्या ऑफिसात. जून ते सप्टेंबर सातवा ते नववा महिना येतोय. सुती कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, सिंथेटिकमध्ये अंग उबतं. काय घालावं?

दोन्ही घाला, पण जागा ठरवून. अंगाला लागणारं सगळं सुती, म्हणजे आतले कपडे, स्लिप, परकराचा पट्टा. ते लहान असतं, लवकर वाळतं आणि इस्त्रीने कोरडं करता येतं. वरचा कुर्ता टेरिकॉट किंवा पातळ क्रेपचा. तो रात्री पंख्याखाली वाळतो. मलमल आणि लिनन ऑक्टोबर हिटसाठी ठेवा. रेयॉन पावसात टाळा. ओला झाला की जड होतो, लांबतो आणि गुडघ्याला गुंडाळतो.

खाली पलाझो नको, त्याची मोहरी वीतभर वरपर्यंत चिखल ओढून आणते. ओली लेगिंग कातडीला चिकटून बसते आणि मांड्या सोलवटतात. घोट्याच्या वर थांबणारी, चौदा इंच मोहरीची सरळ पॅन्ट सर्वांत बरी. आतले कपडे दिवसातून दोनदा बदला. या दिवसांत पांढरं पाणी जास्त जातं, ते स्वाभाविक आहे. पण ओलसरपणाने संसर्ग होतो. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा स्राव असेल तर दाखवून घ्या. अंगावरून नुसतं पाणी जात असल्यासारखं वाटलं किंवा रक्त दिसलं तर कपडे बदलत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आतले कपडे नुसते दोरीवर वाळले तरी कुबट राहतात. शिवणीच्या जाड जागा गरम इस्त्रीने कोरड्या करा. एक पूर्ण जोड, टॉवेल आणि चप्पल ऑफिसच्या कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे तर कापडी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये आठवड्यात बुरशी येते.

रेनकोट पुढून उघडणारा, दोन साइझ मोठा, गुडघ्यापर्यंतच. डोक्यातून घालायचा पोंचो एस.टी.त काढताना तोल जातो. आणि पायाला चीर किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून, शेतातल्या वाटेने उघड्या पायांनी जाऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असतो. गमबूट पोटरीला सैल हवेत, नाहीतर सुजलेल्या पायातून निघत नाहीत.

प्रश्न : खेडला नर्स आहे. आठ तास उभी असते. संध्याकाळी पाय सुजतात, जुने बूट घट्ट होतात. माळ्यावरचे जाड तळव्याचे सँडल काढले तर दुसऱ्या दिवशी तळवाच गळून पडला!

तो तळवा पी.यू.चा असणार. पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू कुजतं, न वापरताही. दिसायला नवं, आणि पायात घालून चाललं की भुगा. कोकणात चार-पाच वर्षं ठेवलेल्या सँडलचं असंच होतं. तळवा अंगठ्याने जोरात दाबून बघा : खळी तशीच राहिली, चिकट लागलं किंवा भेग पडली तर टाकून द्या. जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर तळवा निसटला तर काय होईल ते सांगायला नको.

नवीन घ्यायला संध्याकाळी जा, पाय सुजलेला असताना. सर्वांत लांब बोटापुढे अर्धा इंच जागा हवी. या दिवसांत पायाचे सांधे सैलावतात, पाऊल थोडं पसरतं आणि काहींचं मग तसंच राहतं, म्हणून महागाचे बूट आत्ता घेऊ नका. टाच एक इंच, रुंद. अगदी सपाट चपलेने पोटऱ्या आणि टाच दुखते, दीड इंचाच्या वर गेलं की कंबर. तळवा रबराचा, खोल नक्षीचा. मागे पट्टा असलेला. बंद वेलक्रोचा, म्हणजे दुपारी वाकून लेस न सोडता ढिला करता येईल.

स्टॉकिंग्ज वापरायचे असतील तर डॉक्टरांना विचारून, सौम्य दाबाचे, गुडघ्याखालचे. माप सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घ्यायचं, घोट्याचा आणि पोटरीचा घेर आणि गुडघ्यापर्यंतची लांबी. घालायचेही तेव्हाच. सूज आल्यावर चढवले तर ती आत अडकते. वरची कड दुमडली की ती आवळपट्टी होते आणि खालची सूज वाढते. उभं राहायचंच असेल तर एक पाय आळीपाळीने सहा इंची स्टुलावर ठेवा.

जोडवी आणि अंगठी आत्ताच काढून ठेवा, रुतल्यावर कापावी लागतात. दोन्ही पाय संध्याकाळी सुजून सकाळी उतरत असतील तर बहुधा काळजी नाही. चेहरा किंवा हात एकदम सुजणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, एकच पाय सुजून दुखणं : यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब बघून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर ड्युटी सोडून प्रसूतितज्ज्ञांकडे.

थोडक्यात उत्तरं

*वेंगुर्ले, काजू कारखाना :* टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, आणि ते कापडातून आत झिरपतं. पुढचा एप्रन पोटावर आखूड होतो आणि नेमकं पोटच उघडं पडतं. एप्रनच्या बाजूच्या बंदांऐवजी पाठीमागे फुलीसारखे पट्टे लावा आणि लांबी सहा इंच वाढवा. एप्रनखाली पूर्ण बाहीचा सुती शर्ट. घरी जाताना तो तिथेच उतरवा.

*राजापूर, शिक्षिका :* पोटाचा पट्टा कंबरदुखीसाठी चालतो, पण पोटाखालून उचलणारा. पोटावरून आवळणारा नाही. एका वेळी दोन-तीन तास, आणि खाताना काढून. स्कूटीवर ओढणी दोन्ही टोकांनी बांधलेली हवी, मागे सोडलेली नको.

*अलिबाग, हॉटेलचं रिसेप्शन :* गणवेशाचा ब्लेझर बदलून मागा, पण नुसतं 'मोठा द्या' असं म्हणू नका. खांद्याचं माप तेच आणि पुढचं बटण काढून, असं लिहून द्या. एकाच टेलरकडून होतं. खुर्चीही त्याच अर्जात मागा. अपेक्षित तारखेआधीच्या शेवटच्या दहा आठवड्यांत, बाईने मागणी केली तर तास न् तास उभं राहण्याचं काम तिला देता येत नाही, ही तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आली आहे. अर्जाबरोबर डॉक्टरांची तारखेची चिठ्ठी जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.